मागचा टायर १२० चा १४० करावा का? (रिम ३.०० इंची)

वळणवेडा (धागालेखक)

नमस्कार मंडळी. गाडीचा मागचा टायर गोटा व्हायला आलाय, आता बदलायलाच हवा. सध्या १२०/८०-१७ आहे (१२० मिमी रुंद, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, १७ इंची रिम), ट्यूबलेस. रिमवर '१७ × एमटी ३.००' असं कोरलेलं आहे. मागे डिस्क ब्रेक, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे.

नवीन घ्यायचाच तर १४०/७०-१७ टाकावा असं बरेच दिवस मनात आहे. एक तर लांबच्या प्रवासाला कायम डबलसीट आणि वर सामान असतं, तेव्हा मागून गाडी जरा भक्कम वाटावी. दुसरं म्हणजे ओल्या रस्त्यावर वळताना पकड जास्त मिळेल अशी आशा. आणि तिसरं, मागून गाडी बघताना टायर भरलेला दिसला पाहिजे, हेही आहेच.

फिटर म्हणतो, "बसतो बिनधास्त, रोज बसवतो." पण बसणं आणि नीट चालणं यात फरक असणार. ज्यांनी हे केलंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी सविस्तर सांगा. मला घाई नाही.

---

सरळमार्गी

मी माझ्या गाडीला एक माप मोठा टायर टाकून बरीच वर्षं चालवतोय. हायवेला गाडी एकदम स्थिर, खड्ड्यात कमी आदळते, पंक्चरही कमी. वळणावर सुरुवातीला थोडं जड वाटलं, मग हात बसला. माझं मत, बिनधास्त टाका.

---

रिमगेज

वळणवेडा, तुम्ही रिमवरचा आकडा वाचून आलात हे फार बरं केलंत. या विषयावरच्या निम्म्या चर्चा त्या आकड्याशिवायच चालतात.

टायरवर छापलेली रुंदी ही कंपनीने तो टायर एका ठरलेल्या रुंदीच्या रिमवर चढवून, हवा भरून मोजलेली असते. १४०/७०-१७ साठी ती मोजणीची रिम ४.०० इंची असते, १३०/७०-१७ साठी ३.५०, आणि तुमच्या सध्याच्या १२०/८०-१७ साठी २.७५. रिमची रुंदी आतून धरतात, म्हणजे टायरची कड जिथे टेकते त्या दोन भिंतींमधलं अंतर. बाहेरून टेप लावून मोजाल तर आकडा बराच मोठा येईल आणि फसगत होईल. कोरलेला आकडाच खरा.

आता हिशेब बघा. रिम अर्धा इंच कमी झाली की फुगवलेल्या टायरची रुंदी साधारण ५ मिमीने कमी होते, अर्धा इंच वाढली की तितकीच वाढते. तुमची रिम १४० च्या मोजणीच्या रिमपेक्षा पूर्ण एक इंच अरुंद आहे. म्हणजे १४० चा टायर तुमच्या रिमवर भरेल जेमतेम १३०. उलट सध्याचा १२० चा टायर पाव इंच जास्त रुंद रिमवर आहे, तो आत्ताच १२२ च्या आसपास असणार. वीस मिमीची वाढ मिळेल या हिशेबाने तुम्ही टायर घेणार आणि हाती येणार सात-आठ मिमी.

तेवढंच असतं तरी चाललं असतं. खरी अडचण आकाराची आहे. रुंद टायरच्या दोन्ही कडा अरुंद रिमने जवळ ओढल्या की टायरचा माथा वर उचलला जातो. जो माथा पसरट, एकसारख्या गोलाईचा असायला हवा तो टोकदार होतो, अंड्याच्या निमुळत्या बाजूसारखा. सरळ चालताना रस्त्याला टेकणारी पट्टी अरुंद होते, मधली नक्षी लवकर झिजते. आणि दोन्ही कडांची नक्षी गाडी कितीही कलली तरी रस्त्याला लागतच नाही. असे टायर मी पुष्कळ बघितलेत. मधोमध खाचा संपत आलेल्या, आणि कडेला बोटभर पट्टीवर नवेपणाचे रबरी केस अजून तसेच उभे.

शिवाय टायरची कड, म्हणजे बीड, रिममध्ये ठरलेल्या कोनात बसते. बाजूची भिंत आत ओढली गेली की बीडवर तिरका जोर येतो. हवा पुरेशी असताना ते लक्षात येत नाही. हवा कमी असेल, मागे ओझं असेल आणि जोरात वळण घेतलं तर टायर रिमवर डुलतो आणि गाडीचा मागचा भाग उशिरा वळल्यासारखा वाटतो.

म्हणून माझं मत असं: ३.०० वर १४० नको. १३०/७०-१७ चा विचार करता येईल, पण तोही डोळे झाकून नको. प्रत्येक कंपनी आपल्या प्रत्येक टायरसाठी चालणाऱ्या रिमच्या रुंदीचा तक्ता देते. जो टायर घ्याल त्याच्या तक्त्यात ३.०० असेल तर घ्या. नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, नको.

---

सरळमार्गी

रिमगेज, माहिती चांगली आहे, पण मग माझी गाडी इतकी वर्षं नीट कशी चालते? अनुभवालाही काही किंमत आहे की नाही?

---

रिमगेज

आहे ना, नक्कीच आहे. तुमची रिम किती इंची आणि टायर कोणता ते सांगाल का? एक माप वर म्हणजे ९० चा १०० असेल तर तो बहुतेक रिमच्या मर्यादेतच बसला असेल, आणि मग तुमचा अनुभव माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातच नाही.

---

सरळमार्गी

रिम २.५०, आधी १००/९०-१७ होता, आता ११०/८०-१७.

---

रिमगेज

मग झालं तर. ११०/८०-१७ साठी मोजणीची रिम २.५० च आहे. तुम्ही टायर बरोबर निवडलाय आणि गाडीही म्हणूनच नीट चालते. व्यासही जवळजवळ तोच राहिला, ६१२ चा ६०८ मिमी. वळणवेडा यांची उडी वेगळी आहे.

---

दहाबाराचा पाना

मी कामाच्या बाजूने लिहितो, कारण "बसतो" म्हणणारा फिटर बहुतेक वेळा गाडी स्टँडवर असताना चाक हाताने फिरवून बघतो आणि सोडून देतो. स्टँडवर चाक लोंबकळतं. रस्त्यावर ते वर जातं, टायर बाजूला दबतो, वेग वाढला की थोडा फुगतोही. रेडियलपेक्षा (आतले धागे आडवे असलेल्या टायरपेक्षा) साधा बायस (तिरक्या धाग्यांचा) टायर जास्त फुगतो.

त्यामुळे नवा टायर घेण्याआधी आहे त्याच टायरवर मोजून घ्या:

स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) आतल्या बाजूला, टायर सगळ्यात रुंद असतो त्या रेषेत, दोन्हीकडे फट मोजा. फीलर गेज नसेल तर मऊ प्लॅस्टिसीनची गोळी चिकटवा, चाक फिरवा आणि उरलेली जाडी मोजा. चेनच्या बाजूला वेगळं मोजा, तिथेच सगळ्यात कमी जागा असते. टायर आणि चेन, टायर आणि चेन कव्हरचा आतला बोल्ट. या बोल्टचं डोकं कोणी बघत नाही आणि टायर नेमका त्यालाच घासतो. ड्रम ब्रेकची गाडी असेल तर ब्रेकचा टॉर्क रॉड, डिस्क असेल तर ब्रेकचा पाइप जिथे स्विंगआर्मला क्लिपने धरलाय ती जागा.

मग दोघांनी सीटवर बसून गाडी दाबायची आणि तिसऱ्याने खालून बघायचं की मडगार्डचा आतला भाग टायरच्या माथ्यापासून किती वर राहतो. मागच्या नंबरप्लेटचे बोल्ट आत डोकावत असतील तर तेही बघा.

नवीन टायर बसल्यावर सगळीकडून किमान ८-१० मिमी राहायला हवेत असं मी धरतो. पाचच्या खाली गेलं तर मी तो टायर चढवत नाही. खडा अडकला, चिखल वाळला, बेअरिंगला थोडा खेळ आला की पाच मिमी संपतात.

अजून एक. चेन ताणली की चाक मागे जातं, नवी चेन टाकली की पुढे येतं. चाक पुढे आलं की टायर स्विंगआर्मच्या आडव्या पट्टीच्या जवळ येतो. आज चेन जुनी असताना मोजलंत आणि जागा मिळाली, तरी उद्या नवी चेन घातल्यावर तीच जागा राहीलच असं नाही. चाक ॲडजस्टरच्या सगळ्यात पुढच्या खुणेवर आहे असं धरून हिशेब करा.

टायर बसवल्यावर पहिल्या दोनचार फेऱ्यांनंतर टॉर्च घेऊन स्विंगआर्मच्या आत बघा. घासत असेल तर रंगावर चकचकीत रेघ उठते आणि चेन कव्हरच्या आत काळा रबराचा भुगा साचतो. आवाज येईलच असं नाही, म्हणून डोळ्यांनी बघायचं.

आणि कृपा करून कोणी जागा करण्यासाठी चाक एका बाजूला सरकवून वॉशर टाकू नका. स्प्रॉकेटची रेघ चुकते, चेन वाकडी धावते, आणि पुढचं चाक एका रेषेत तर मागचं दुसऱ्या. स्विंगआर्म घासून पातळ करणं तर मी माझ्या हाताने कधीच करणार नाही. ज्या लोखंडावर सगळं ओझं आहे त्याला फाइल लावायची नसते.

---

नवशिका चालक

वाखुसा (वाचनखूण साठवली). प्लॅस्टिसीनची युक्ती मस्तच. एक शंका, टायर बदलला की स्पीडोमीटर चुकतो म्हणतात ते खरं का? आणि एबीएस?

---

रिमगेज

रुंदीमुळे चुकत नाही, व्यास बदलला तर चुकतो. हिशेब सोपा आहे. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिमी. त्यात बाजूच्या भिंतीची उंची दोनदा मिळवायची. भिंत म्हणजे रुंदीचे तितके टक्के.

१२०/८०-१७: भिंत ९६, व्यास ६२३.८ मिमी.
१४०/७०-१७: भिंत ९८, व्यास ६२७.८.
१३०/७०-१७: भिंत ९१, व्यास ६१३.८.
१३०/८०-१७: भिंत १०४, व्यास ६३९.८.

म्हणजे १४०/७० ने जेमतेम ०.६ टक्के फरक पडतो, १३०/७० ने १.६ टक्के कमी होतो. तुमच्या गाडीत वेग मागच्या चाकावरून किंवा गिअरबॉक्सवरून मोजत असतील तरच हा फरक काट्यावर दिसेल. पुढच्या चाकावरून मोजत असतील तर काहीच नाही. १३०/७० घातल्यावर काटा ६० दाखवत असेल तर खरा वेग साधारण ५९.

एबीएस दोन्ही चाकांचा वेग ताडून बघतं. दीड टक्क्याचा फरक तो सहसा पचवतो, कारण टायर झिजूनही तेवढा फरक पडतोच. नक्षी ५ मिमी झिजली की व्यास १० मिमीने कमी होतो, म्हणजे तोच दीड-पावणेदोन टक्के. पण मागे व्यास पाच-सहा टक्क्यांनी वाढवला आणि पुढे मूळचाच ठेवला, तर एबीएसला आणि ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर त्यालाही चाक घसरतंय की टायरच मोठा आहे हे कळणं अवघड होतं.

---

कोनमापक

ओल्या रस्त्यावरच्या पकडीबद्दल लिहितो, कारण मूळ धाग्यात तीच आशा दिसली आणि गैरसमज तिथेच आहे.

टायर रस्त्याला किती जागेवर टेकतो हे ढोबळमानाने दोनच गोष्टी ठरवतात, त्याच्यावरचं वजन आणि आतली हवा. डबलसीट गाडीच्या मागच्या चाकावर १५० किलो आहेत आणि हवा ३२ पीएसआय आहे असं धरा. टेकणारी जागा साधारण ६७ चौरस सेंटिमीटर येते. टायर १२० चा असो वा १४० चा, हवा तीच तर जागा जवळपास तीच. बदलतो तो तिचा आकार. रुंद टायरमध्ये ती आडवी पसरते आणि पुढे-मागे आखूड होते. ओल्या रस्त्यावर तर लांब आणि अरुंद ठसा पाणी कापायला बरा पडतो. ओल्यातली पकड रबराच्या मिश्रणातून आणि खाचांमधून येते, रुंदीतून येत नाही.

मग मोठ्या गाड्यांना रुंद टायर का देतात? कारण त्यांची ताकद. इंजिन मोठं असलं की मागचा टायर फार तापतो आणि झिजतो. जास्त रबर हवं ते त्या उष्णतेसाठी आणि टिकण्यासाठी. ताकद मर्यादित असेल तर अरुंद टायर पुरतो, इतकंच नव्हे तर जास्त चपळ ठरतो. मोटो३ च्या शर्यतीतल्या गाड्या बघा. २५० सीसी, मागचा टायर फक्त १२० मिमीच्या आसपास, आणि वळणात कोपर जमिनीला टेकवतात.

आता कलण्याचं. रुंद टायरची गाडी त्याच वेगाने तेच वळण घेताना थोडी जास्त कलवावी लागते, कारण टेकण्याची जागा वळणाच्या आतल्या बाजूला जास्त सरकते. गाडी आणि चालक यांचा गुरुत्वमध्य ६०० मिमी उंचीवर, टायर अगदी पातळ असता तर वळणाला लागणारा कल ४० अंश, दोन्ही चाकं सारख्याच रुंदीची धरली तर १२० च्या टायरला प्रत्यक्षात सुमारे ४४.१ अंश कलावं लागेल, १४० ला ४४.९. पाऊण अंश. मागचाच टायर बदलला तर त्याहून कमी. हा आकडा छोटा आहे आणि कोणी त्याची भीती घालत असेल तर घाबरू नका. हाताला जाणवतं ते वेगळंच: कलायला सुरुवात करतानाचा जडपणा, आणि पुढचा टायर एका गोलाईचा, मागचा दुसऱ्या, त्यामुळे दोघांची कलण्याची चाल जुळत नाही ती.

उलट दिशेचं उदाहरणही आहे. १९९४ साली डुकाटी ९१६ आली तेव्हा तिला ५.५० च्या रिमवर १९०/५० चा टायर होता. गाडी कलवायला हलकी व्हावी म्हणून कित्येक चालक तो काढून १८०/५५ टाकत. अरुंद केला आणि गाडी सुधारली.

---

सरळमार्गी

कोनमापक, पण ओझ्याचं काय? डबलसीट आणि सामान ही त्यांची मुख्य गरज आहे. रुंद टायर जास्त वजन पेलतो हे तर मान्य?

---

कोनमापक

मान्य, हा मुद्दा तुमचा बरोबर आहे. पण वजन किती पेलणार ते टायरवर आकड्यात लिहिलेलं असतं, रुंदीवरून अंदाज करायची गरज नाही. मापानंतर ६१ पी, ६६ एच असं जे येतं त्यातला आकडा वजनाचा. ६१ म्हणजे २५७ किलो, ६२ म्हणजे २६५, ६६ म्हणजे ३०० किलो, हे एका टायरवर. १२०/८०-१७ सहसा ६१ चा असतो. दोन माणसं आणि सामान धरूनही मागच्या चाकावर अडीचशे किलो येणं मध्यम गाडीत कठीण आहे. अक्षर वेगमर्यादेचं, पी म्हणजे ताशी १५० किमी, एस १८०, एच २१०. कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा आणि अक्षरापेक्षा खाली जायचं नाही.

डबलसीटला मागून गाडी डुलते ती बहुतेक वेळा टायरमुळे नाही. हवा एकट्यासाठी भरलेली असते आणि शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते) कमी असतो. स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर दोघांसाठीची हवा वेगळी दिलेली असते, ती भरून आणि प्रीलोड दोन खुणा वाढवून एकदा चालवून बघा. हा प्रयोग टायर घेण्याआधी करा.

---

स्पोकवाला

रिम छोटी आहे तर रिमच मोठी टाका ना. दुसऱ्या मॉडेलचं ४.०० चं आख्खं चाक बसवलेले लोक आहेत.

---

दहाबाराचा पाना

बसवतात, आणि नीट केलं तर तोच खरा मार्ग. पण काम मोठं आहे. ॲक्सलची जाडी, दोन्ही बाजूंच्या बुशची लांबी, डिस्कचा व्यास आणि कॅलिपरची जागा, एबीएसच्या रिंगचे दात, स्प्रॉकेट बसतं तो रबरी डँपरचा भाग, आणि सगळ्यात शेवटी चेनची रेघ. यातली एक गोष्ट जुळली नाही की जुगाड सुरू होतो. तुमच्यासारखं स्पोकचं चाक असेल तर रुंद रिम त्याच हबवर विणून मधोमध आणता येते, तेवढं एक सुख. अलॉयला ती सोय नाही.

कंपनी स्वतः टायर रुंद करते तेव्हा काय काय बदलते ते बघा. यामाहाने २०११ साली आर१५ ची दुसरी आवृत्ती आणताना मागचा टायर १०० चा १३० केला. त्याबरोबर रिम रुंद झाली, स्विंगआर्म नवा, ॲल्युमिनियमचा आणि लांब आला, व्हीलबेस (दोन्ही चाकांच्या मध्यांमधलं अंतर) १२९० वरून १३४५ मिमी झाला. त्याच वर्षी आलेल्या डुकाटी डायव्हेलला २४० चा मागचा टायर आहे, पण खाली ८ इंची रिम आहे आणि टायरची गोलाई खास त्या गाडीसाठी बेतलेली. आपण बाहेरून नुसता टायर बदलतो, बाकी सगळं जुन्या टायरच्या मापाचं राहतं.

---

वळणवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं तपशिलात कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

सांगितल्याप्रमाणे मोजलं. चेनच्या बाजूला टायर आणि कव्हरच्या बोल्टमध्ये ११ मिमी आहेत, दुसऱ्या बाजूला १७. म्हणजे १४० खरोखरचा १३० भरला तरी बोल्टपाशी सातच उरतात. हवा मी कायम एकट्याचीच ठेवत होतो. दोघांची भरली आणि प्रीलोड वाढवला, तर मागचं डुलणं बरंच गेलं.

१४० चा विचार सोडला. आता दोन पर्याय आहेत: १२०/८० च, पण ओल्यासाठी चांगल्या मिश्रणाचा. किंवा १३०/७०. एका कंपनीच्या तक्त्यात त्याला ३.०० चालते असं दिलंय, दुसरीच्या नाही. मन अजून १३० कडे ओढतं हे खरं.

---

रिमगेज

ज्या कंपनीच्या तक्त्यात ३.०० आहे तिचाच १३० घेणार असाल तर त्यात चूक काही नाही. फक्त दोन गोष्टी मनात ठेवा. व्यास १० मिमीने कमी होतोय, म्हणजे मागचा ॲक्सल ५ मिमी खाली येईल, गाडी किंचित मागे बसेल आणि वळायला आणखी थोडी आळसावेल. आणि ३.०० त्या टायरसाठी अरुंदच रिम आहे, मिळणारी रुंदी १२५ च्या आसपास. आत्ताच्या १२२ पेक्षा तीन मिमी. तेवढ्यासाठी मी तरी १२०/८० सोडणार नाही, आणि तोच खर्च चांगल्या रबरावर करीन.

पुढचा टायर बायस आहे की रेडियल तेही बघून घ्या. पुढे रेडियल आणि मागे बायस अशी जोडी करायची नाही.

---

सरळमार्गी

रिमगेजशी सहमत. तीन मिमी डोळ्यांना दिसणारही नाहीत.

---

वळणवेडा

ठरलं, १२०/८०. दुकानात घेताना अजून काय बघू?

---

दहाबाराचा पाना

बाजूवर चार आकडी तारीख असते. १४२४ म्हणजे २०२४ चा १४ वा आठवडा. फार जुना माल देत असतील तर बदलून मागा. बाण फिरण्याच्या दिशेने आहे ना ते बघा. व्हॉल्व्हही नवा टाकून घ्या. हवा भरल्यावर टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक उठावाची रेघ दिसते, ती सगळीकडून रिमपासून सारख्या अंतरावर हवी. एका जागी आत गेलेली दिसली तर बीड नीट बसलेली नाही. हवा सोडून, कडेला साबणपाणी लावून पुन्हा भरायला सांगा, पण टायरवर छापलेल्या कमाल दाबाच्या वर जाऊ द्यायचं नाही. चाक बॅलन्स करून घ्या आणि ॲक्सलचा नट टॉर्क रेंचने आवळा, पाइप लावून उड्या मारून नाही.

पहिले १००-१५० किलोमीटर जपून. नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, तो जाईपर्यंत पूर्ण कलवू नका आणि ओल्यात ब्रेक जोरात मारू नका. त्यानंतर थंड टायरला हवा पुन्हा तपासा आणि चेनचा ताणही एकदा बघा, चाक काढून बसवल्यावर तो हमखास हललेला असतो.